प्रवासातले बंद कपांचे हेडफोन: आवाज, कानाची सोय आणि रोजचा वापर

मंद्रसप्तक

‘दहा-बारा हजारांत चांगला हेडफोन सुचवा’ हा प्रश्न इथे सतत येतो आणि खाली ब्रँडची नावं पडत जातात. विचारणारा कुठे ऐकणार, काय ऐकणार, चष्मा वापरतो का, सलग किती वेळ डोक्यावर ठेवणार, हे क्वचितच कुणी विचारतं. म्हणून हा स्वतंत्र धागा काढतोय.

विषय एवढाच: कपाची मागची बाजू बंद असलेले, बॅगेत टाकून नेता येतील असे हेडफोन. ओपन-बॅकचा मोकळा आवाज मलाही प्रिय आहे, पण लोकलच्या डब्यात त्याचा उपयोग नाही. बाहेरचं सगळं आत येतं आणि आपलं गाणं शेजारच्याच्या कानात जातं.

माझं ऐकणं मुख्यतः ख्याल, थोडी ठुमरी, थोडं नाट्यसंगीत. रोजचा प्रवास डोंबिवली ते सीएसएमटी. निकष त्या हिशोबाने आहेत.

पहिला मुद्दा, आणि माझ्या मते बाकी सगळ्यांच्या वरचा: कप कानाभोवती घट्ट बंद बसतो का? बंद हेडफोनमध्ये खालचे स्वर उभे राहतात ते पॅड आणि डोकं यांच्यामध्ये कोंडलेल्या हवेच्या जोरावर. तिथे बारीकशी फट पडली की खालचा भाग गळून जातो. गायकाचा सा काळी एक धरला तर तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला १३९ कंपनं) आणि खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास वाजते. गायिकेचा सा काळी चार धरला तर खर्ज १०४ हर्ट्झजवळ. फट असली की पहिला बळी या खर्जाचा आणि डग्ग्याच्या घुमाऱ्याचा जातो.

आता यातली खरी अडचण. जवारी (घोडीवर तारेखाली दोरा सरकवून आणलेला झंकार) उघडलेल्या तानपुऱ्यात वरचे सहायक स्वर इतके भरपूर असतात, की मूळ स्वर गळला तरी आपला कान तो मनाने भरून काढतो. त्यामुळे दुकानात तानपुरा लावून ‘खर्ज तर येतोय की’ असं वाटू शकतं. म्हणून तपासायला फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या आणि ६० ते ७० हर्ट्झचा शुद्ध स्वर हळू आवाजात लावा. हेडफोन घालून जबडा हलवा, मान वळवा, चष्मा काढून परत लावा. स्वर कमी-जास्त होत असेल तर हवा गळतेय. मग त्या हेडफोनबद्दल इंटरनेटवर कितीही चांगलं लिहिलेलं असो, तुमच्या डोक्यावर तो तसा वाजणार नाही.

माझ्याकडचे आणि मित्रांकडून आणून नीट ऐकलेले, त्यांबद्दल थोडं:

ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स. वजन केबल सोडून २८५ ग्रॅम, घडी होते, कप फिरतात, केबल काढता येते आणि सोबत तीन मिळतात, त्यातली १.२ मीटरची सरळ केबल फोनसाठी सोयीची. आवाजात खालचा भाग आणि वरचा भाग उचललेला, मधला किंचित मागे. गर्दीत हे उपयोगाचं ठरतं, कारण गाडीचा गोंगाट खालचाच भाग खातो. पण शांत खोलीत विलंबित ख्याल ऐकताना गायकाचा आवाज अर्धं पाऊल मागे उभा असल्यासारखा वाटतो.

त्याचाच धाकटा एम४०एक्स, २४० ग्रॅम. गळ्यासाठी मला हा जास्त पटतो. आवाज सपाट, सारंगी आणि हार्मोनियम एकमेकांत मिसळत नाहीत. मात्र सोबतच्या दोन्ही केबल लांब आहेत, एक तीन मीटरची आणि एक वेटोळी. प्रवासासाठी छोटी केबल वेगळी घ्यावी लागते. ती घेताना पाहून घ्या: कपाकडचं टोक २.५ मिलिमीटरचं आणि फिरवून अडकवायचं असतं, कुठलीही केबल बसत नाही.

सेनहायझर एचडी २५. हा कानावर बसणारा, कानाभोवती नाही. १९८८पासून बाजारात आहे आणि आजही डीजे आणि कॅमेरामन मंडळी वापरताना दिसतात. वजन फक्त १४० ग्रॅम. पकड घट्ट, आणि त्या पकडीमुळेच बाहेरचा आवाज इतका अडतो की बॅटरीवाल्या हेडफोनची आठवण येऊ नये. जवळजवळ प्रत्येक भाग सुटा मिळतो: केबल, पॅड, पट्टी, कप. आवाज अंगावर येणारा, तबल्याची थाप छातीत जाणवते. पण तासाभराने कानाच्या पाळ्या जागा मागू लागतात. डोंबिवली-ठाणे अंतराला उत्तम, पुणे-नागपूरला नाही.

बायरडायनॅमिक डीटी ७७०. घडी होत नाही, मोठा आहे, तरी इथे घेतोय कारण मखमली पॅडचा हा हेडफोन एकदा घातला की काढावासा वाटत नाही. घरी रात्री ऐकायला आणि सुट्टीत गावी न्यायला. वरचे स्वर धारदार आहेत, ‘स’ आणि ‘श’ टोचतात, त्यासाठी मी इक्वलायझरवर (स्वरांचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करायची फोनमधली सोय) ८-९ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं उतरवतो.

बाकीच्यांनी आपापला अनुभव लिहा. फक्त कुठे आणि काय ऐकता, ते सोबत लिहा.

चष्मेवाली

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. माझा प्रश्न तुमच्या पहिल्या मुद्द्याचाच आहे. माझ्या चष्म्याच्या काड्या जाड आहेत आणि कानात कुड्या असतात. कानावर बसणारा हेडफोन दहा मिनिटांत कुडी पाळीत रुतवतो, आणि कानाभोवतीचा घेतला तर चष्म्याची काडी कपाळाच्या बाजूला दाबली जाऊन डोकं ठणकतं. आमच्यासारख्यांनी काय करावं? दर वेळी कुड्या काढून ठेवणं जमत नाही, एक तर गाडीत हरवायच्या.

मंद्रसप्तक

चष्मेवाली ताई, तुम्हाला एचडी २५ नकोच. कानाभोवतीचा, आत खोल जागा असलेला कप घ्या, म्हणजे पाळी आणि कुडी दोन्ही आत मोकळी राहतील. दुकानात पॅडची आतली खोली बोटाने पाहा. कानाची वरची कड आतल्या जाळीला टेकत असेल तर तो हेडफोन अर्ध्या तासात नकोसा होतो, मग पॅड कितीही मऊ असो.

काडीचं म्हणाल तर पकड कमी आणि पॅड मऊ, ही जोडी शोधा. मखमली पॅड काडीभोवती दबतं आणि दाब वाटला जातो. पण त्यातून थोडी हवा जातेच, म्हणून खालचे स्वर आणि बाहेरचा आवाज अडवणं या दोन्हींत थोडी तडजोड होते. जाड फेसाचं मऊ कृत्रिम चामड्याचं पॅड काडीभोवती जास्त चांगलं बंद होतं, फक्त उकडतं. शक्य असेल तर पुढचा चष्मा करताना पातळ धातूच्या काड्यांची फ्रेम घ्या. हेडफोन बदलण्यापेक्षा त्याने जास्त फरक पडतो, हे मी घरातल्या दोन चष्मेवाल्यांवर पाहिलं आहे.

खर्ज

मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, म्हणून कामाच्या बाजूने लिहितो.

आमच्याकडे डबिंगला आणि बाहेरच्या शूटिंगला सोनीचा एमडीआर-७५०६ सगळीकडे दिसतो. १९९१चं मॉडेल, त्याआधीचा व्ही६ १९८५चा. सुमारे २३० ग्रॅम, घडी होते, केबल वेटोळी आणि कायमची जोडलेली. त्याचं काम आहे चूक दाखवणं: माईकवर पडलेला वारा, कपड्याची सळसळ, वायरची खरखर, संवादातला श्वास. वरचा भाग मुद्दाम पुढे आणल्यासारखा असल्यामुळे हे सगळं लगेच कानावर येतं. जुन्या बैठकांची ध्वनिमुद्रणं आनंदासाठी ऐकायची असतील तर मी तो हातात घेत नाही. टेपचा हिस, म्हणजे मागची सततची सूं-सूं, गाण्याच्या पुढे येऊन बसतो.

१९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत भोंग्यासमोर गाऊन केलेल्या तबकड्यांमध्ये तर खालचे आणि वरचे स्वर उतरलेलेच नाहीत, सगळा जीव मधल्या पट्ट्यात. त्या ऐकायला मधला भाग स्वच्छ असलेला हेडफोन हवा. खर्जाची परीक्षा त्या तबकड्यांवर घेऊ नये.

मंद्रसप्तक यांनी डीटी ७७०बद्दल लिहिलंय त्यात भर. तो ३२, ८० आणि २५० ओहम (विजेला होणारा अडथळा; आकडा मोठा तितका फोनला वाजवायला जड) अशा तीन प्रकारांत मिळतो आणि लोक ऑफर बघून कुठलाही उचलतात. फोनवर ऐकणार असाल तर थोडा हिशोब करा. अ‍ॅपलचा छोटा डोंगल (जॅक नसलेल्या फोनच्या चार्जिंगच्या जागी लावून हेडफोन जोडायचा तुकडा) साधारण १ व्होल्ट देतो. ९६ डेसिबल प्रति मिलिवॅटच्या (एवढ्या विजेवर एवढा मोठा आवाज) हिशोबाने ८० ओहमवाला त्यावर जास्तीत जास्त १०७ डेसिबलपर्यंत जातो, २५० ओहमवाला १०२पर्यंत. एम५०एक्स, ३८ ओहम आणि ९९ डेसिबल, तोच ११३पर्यंत. हे आकडे सर्वांत मोठ्या आवाजाचे आहेत. आजच्या फिल्मी गाण्यांना १०२ पुरतात. पण आलापीचं ध्वनिमुद्रण सरासरीने बरंच हळू असतं आणि मधेच तबल्याची थाप उसळते. तिथे २५० ओहमवाला फोनवर कमी पडतो. तो ऑडिओ इंटरफेस किंवा अ‍ॅम्पसाठी आहे.

आणखी एक. ३२ ओहमवाल्याला मखमली पॅड नसतात, कृत्रिम चामड्याचे असतात, केबल १.६ मीटर. ८० आणि २५०वाल्यांना करडी मखमल आणि तीन मीटरची केबल (२५०ची वेटोळी). मखमलीसाठी घेत असाल तर खोक्यावरचा आकडा वाचून घ्या. आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर तो अ‍ॅपलचा डोंगल पूर्ण आवाज देत नाही, तिथे दुसरा घ्यावा.

रानवारा

सगळं वाचलं, माहिती उत्तम आहे, पण मुद्दा सुटतोय असं मला वाटतं. २०१६पासून फोनमधून जॅक जायला लागले. लोकलच्या दारात लटकताना वायर कुणाच्या तरी बॅगेत अडकते. रोजच्या वापराची गोष्ट करायची तर नॉइज कॅन्सलिंगवाला (माईकने बाहेरचा गोंगाट पकडून उलट लाटेने पुसणारा) वायरलेस हेडफोनच रोजचा हेडफोन आहे. सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन घ्या: १९२ ग्रॅम, म्हणजे वरच्या यादीतल्या एचडी २५ सोडून सगळ्यांपेक्षा हलका, नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवून ३५ तासांची बॅटरी. वरच्या दर्जाचा हवा तर सोनीचाच १०००एक्सएम४, २५४ ग्रॅम, ३० तास, आणि घडी होते. २०२२च्या एक्सएम५ची घडी होत नाही, फक्त कप आडवे होतात, त्यामुळे पिशवी मोठी लागते. २०२५च्या एक्सएम६मध्ये घडी परत आली आहे.

खर्जाचंच बोलायचं तर गाडीचा घरघराट ६९ हर्ट्झच्याच आसपास धुडगूस घालतो. बंद कप तो अडवत नाही. नॉइज कॅन्सलिंग अडवतं.

मंद्रसप्तक

रानवारा, हा मुद्दा बरोबर आहे आणि तो नीट मांडायलाच हवा.

१०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. तिला पॅडचा फेस आणि प्लास्टिकचा कप फारसा अडवू शकत नाही. पण तीच लांबी नॉइज कॅन्सलिंगच्या पथ्यावर पडते: लाट संथ असते, माईकने ती पकडून उलट लाट सोडायला वेळ मिळतो. ३ किलोहर्ट्झला लाट ११ सेंटिमीटरची होते, तिथे वेळेचा मेळ बसणं अवघड, आणि तिथे कप आणि पॅड स्वतःच पुरेसे अडवतात. म्हणजे मोटरचा आणि रुळांचा घरघराट इलेक्ट्रॉनिक्स अडवतं; शेजारच्यांचे पत्ते, फेरीवाल्यांच्या हाका, भजनी मंडळाच्या टाळांचा वरचा खणखणाट हे पॅड अडवतं. चांगल्या नॉइज कॅन्सलिंग हेडफोनलासुद्धा घट्ट बसणारं पॅड लागतंच. चष्म्याच्या काडीपाशी फट असेल तर गाडीचा आवाज त्याच वाटेने आत येतो.

लोकलसाठी एकच हेडफोन घ्यायचा असेल आणि घरी वेगळा ऐकायची सोय असेल, तर वायरलेसच घ्यावा हे मान्य. माझं वेगळं मत आहे ते एकाच हेडफोनवर सगळं भागवणाऱ्यांबद्दल. त्याच पैशात वायरवाल्यामध्ये मिळणारा आवाज वायरलेसमध्ये मिळायला अजून बरीच किंमत मोजावी लागते. बॅटरी काही वर्षांनी थकते आणि बहुतेक मॉडेल्समध्ये ती बदलणं सोपं नसतं. वायरवाल्याची केबल आणि पॅड बदलत राहिलं तर तो वर्षानुवर्षं टिकतो. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये नव्या मुलांच्या वयाचे ७५०६ अजून चालू आहेत.

खर्ज

रियाज करणाऱ्यांसाठी थोडी भर. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो, नेहमीच्या कोडेकवर (आवाज लहान करून पाठवायची पद्धत) साधारण सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा. तानपुऱ्याच्या किंवा तबल्याच्या अ‍ॅपबरोबर नुसतं गायचं असेल तर चालतं, कारण तुम्ही जे ऐकता त्यालाच धरून गाता. पण स्वतःचं गाणं त्याच ठेक्यावर रेकॉर्ड करायचं असेल तर समेवर गायलेली सम रेकॉर्डिंगमध्ये मागे पडते. ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्या गुरुजनांनी हे आपल्या शिष्यांना जरूर सांगावं. मुलगा लयीत कच्चा आहे असं समजून त्याला बोलणी बसतात, आणि दोष वायरलेसचा असतो.

९९० केबीपीएसच्या एलडॅक या कोडेकमुळे उशीर कमी होत नाही, फक्त आवाजाचा तपशील वाढतो. ही गल्लत बरेच जण करतात.

बेंगळूरवासी

इथे ऑफिसच्या बाजूचा विचार आलेला नाही म्हणून लिहितो. मी व्हाइटफील्डला काम करतो, मोठं मोकळं ऑफिस, सगळे एकाच हॉलमध्ये. दिवसातून चार-पाच मीटिंग.

बंद हेडफोन घालून बोलायला लागलं की स्वतःचा आवाज डोक्याच्या आत घुमतो. कान झाकले की हाडांमधून येणारे खालचे स्वर आतच कोंडतात, त्यामुळे असं होतं. आपण नकळत आवाज चढवतो आणि आजूबाजूची मंडळी वळून बघतात. दोन उपाय. वायरलेस हेडफोनच्या अ‍ॅपमध्ये आपलाच आवाज आपल्याला ऐकवायची सोय असेल तर ती चालू करा. वायरवाल्याला एक कप कानामागे सरकवा. एम५०एक्सचा कप त्यासाठी मागे वळतो, एचडी २५चाही.

ऑफिससाठी बंद हेडफोन चांगला याचं दुसरं कारण म्हणजे आवाज बाहेर फुटत नाही. माझ्या शेजारी बसणारी बाई हैदराबादची आहे, तिला मी दुपारी कीर्तन ऐकतो हे अजून माहीत नाही.

उकाड्याचं म्हणाल तर एसीमध्ये चामड्याचे पॅड चालतात. मार्च-एप्रिलमध्ये बसमध्ये घालवत नाहीत.

कोकणकडा

मी रत्नागिरीचा. सगळ्यांनी आवाजाबद्दल लिहिलं, मी हवेबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे हेडफोन कानामुळे नाही, हवेमुळे संपतो.

कृत्रिम चामड्याचे पॅड म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर. ओलाव्यात आणि घामात तो थर हळूहळू तुटत जातो आणि मग काळे-काळे पापुद्रे कानावर, गालावर, उशीवर पडायला लागतात. वापरला नाही तरी होतं. उलट कपाटात बंद ठेवलेला लवकर जातो. जूनच्या आधी मी एकच करतो: हेडफोन पुसून, पूर्ण वाळवून, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. पुड्या मधूनमधून बदलतो. पिशवी बंद करून नुसती ठेवली तर आतलाच ओलावा आत राहतो.

घाम पुसायला ओलसर सुती कापड, लगेच कोरडं. स्पिरिट किंवा सॅनिटायझर पॅडवर लावू नका, थर चरचरीत होऊन फाटतो.

नवीन पॅड घेताना सावध. स्वस्तातले जाड पॅड ऑनलाइन भरपूर मिळतात आणि बसतातही, पण कान ड्रायव्हरपासून लांब गेला की आवाज बदलतो. मखमली लावले तर खर्ज उतरतो, खोलगट लावले तर वरचे स्वर वेगळे होतात. तोच आवाज हवा असेल तर कंपनीचेच पॅड घ्या, महाग असले तरी. एम५०एक्स, ७५०६, डीटी ७७० आणि एचडी २५ या चौघांचे मूळ पॅड सुटे मिळतात, हा माझ्या दृष्टीने फार मोठा गुण आहे. खरेदीच्या आधी ‘पॅड सुटे मिळतात का’ हे विचारलं पाहिजे.

पहाटवारा

वाचतो आहे. उपयुक्त धागा. कोकणकडा यांना +१, ठाण्यातही हेच हाल.

सांजवात

माझा प्रश्न थोडा वेगळा. आईचं वय सत्तरच्या पुढे. सकाळी भक्तिगीतं आणि दुपारी कीर्तनं फोनवर ऐकते, पण स्पीकरचा आवाज इतका मोठा ठेवते की शेजारच्यांना त्रास होतो. तिला हेडफोन द्यावा म्हणते. बटणं, चार्जिंग, जोडणी या गोष्टी तिला नको आहेत. अंबाडा घालते, तर वरची पट्टी टोचते का? आणि या वयात हेडफोन कानाला बाधतो का?

मंद्रसप्तक

सांजवात ताई, आधी कानाचा प्रश्न. स्पीकर मोठा करावा लागतोय तर एकदा ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. ऐकू कमी येत असेल तर हेडफोन हा त्याचा उपाय नाही, आणि नुसता मळ साठलेला असेल तर तो काढूनच प्रश्न सुटतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा साधा हिशोब असा आहे: ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंत, ९० डेसिबलवर मात्र ४ तासच. आवाज दहाने वाढला की वेळ दहापट कमी. घरात शांत खोलीत बंद हेडफोन असेल तर कमी आवाजात भागतं, कारण बाहेरच्या मिक्सरशी, पंख्याशी स्पर्धा करावी लागत नाही. त्या दृष्टीने आईंना फायदाच आहे.

हेडफोन हलका घ्या. ऑडिओ-टेक्निकाचा एम२०एक्स १९० ग्रॅमचा आहे, वायर लावली की वाजतो, दुसरं काही नाही. घडी होत नाही, पण त्यांना ती लागणारही नाही. केबल कायमची जोडलेली आणि तीन मीटर लांब आहे. ती पायात येऊ नये म्हणून गुंडाळून वेल्क्रोच्या पट्टीने बांधा, एक मीटरच मोकळी ठेवा. म्हाताऱ्या माणसाचं वायरीत अडखळून पडणं फार महागात पडतं. फोनला जॅक नसेल तर डोंगल फोनच्या कव्हरला दोऱ्याने बांधून ठेवा.

अंबाडा मानेजवळ असेल तर पट्टीला अडथळा नाही. डोक्याच्या वर बांधत असतील तर पट्टी थोडी पुढे, कपाळाच्या दिशेने झुकवून घालता येते; कप फिरणारा नसेल तर तेव्हा मागच्या बाजूला फट पडते, तेवढं बघा.

चष्मेवाली

सांजवात, माझ्या सासूबाईंना मी असाच दिला आहे. एक सांगते, त्यांनी हेडफोन घातला की त्यांना दाराची बेल ऐकू येत नाही. आम्ही एक कप कानाच्या अर्धा मागे ठेवायला शिकवलं. किंवा घरी कुणी असेल तेव्हाच द्यायचा.

रानवारा

बेलवरून आठवलं, प्रवासातल्यांसाठी. प्लॅटफॉर्मवर आणि रस्त्यावर हेडफोन काढा, किंवा वायरलेस असेल तर बाहेरचा आवाज आत सोडणारा मोड लावा. तो मोड हे वायरलेसच्या बाजूचं माझं सर्वांत मोठं कारण आहे; बंद वायरवाल्यात तो नाही. आणि रूळ ओलांडायचेच नाहीत. रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४७खाली तो गुन्हा आहे, पण दंडाचा विचार बाजूला ठेवा: नॉइज कॅन्सलिंग जो खालचा घरघराट पुसतं, तोच येणाऱ्या गाडीचा पहिला इशारा असतो. हॉर्न ऐकू येईल या भरवशावर राहू नका.

मंद्रसप्तक

याच्याशी शंभर टक्के सहमत. मी स्वतः पुलावर चढायच्या आधी हेडफोन गळ्यात घेतो आणि डब्यात जागा मिळाल्यावरच घालतो. गळ्यात आरामात बसतो का, हाही मग एक निकष होतो. एम५०एक्सचे कप आडवे होऊन छातीवर पडतात, बरं वाटतं. डीटी ७७० हनुवटीला लागतो.

खर्ज

तबल्याबद्दल थोडं अवांतर, पण हेडफोन निवडायला उपयोगी. पुडीवरच्या काळ्या शाईमुळे तबल्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२०मध्ये दाखवलं. पखवाजासारखी शाईची वाद्यं सोडली तर जगातल्या बहुतेक चर्मवाद्यांत हे होत नाही. म्हणून दायाँचा (उजव्या हाताच्या तबल्याचा) ‘ना’ आणि ‘तिन’ यांतला फरक खऱ्या अर्थाने स्वरांचा असतो आणि तो काही शे हर्ट्झपासून दोनेक किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात ऐकू येतो. हेडफोनने तिथे खड्डा पाडला असेल तर सगळे बोल एकसारखे ‘टक-टक’ वाटतात. दुकानात एकल तबल्याचा कायदा (ठरावीक बोलांचा विस्तार) लावून हे तपासा, पॉप गाणं लावून कळत नाही. खर्जासाठी मंद्रसप्तकांचा शुद्ध स्वर आणि मधल्या पट्ट्यासाठी तबल्याचा कायदा, दोन्ही मिळून पाच मिनिटांचं काम आहे.

चष्मेवाली

हे तपासायला दुकानात घालून बघू देतात का? ऑनलाइन घेऊन परत करणं मला आवडत नाही.

मंद्रसप्तक

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं ओळीने आहेत, पण खोकं उघडून घालू देतील की नाही हे दुकानदारावर आहे. वाद्यं आणि स्टुडिओचं सामान विकणाऱ्या दुकानांत अनुभव जास्त चांगला. तिथे एम-मालिका, ७५०६ आणि डीटी ७७० डेमोला लावलेले सापडतात. आधी फोन करून विचारा. लॅमिंग्टन रोडला रविवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून शनिवार दुपार गाठा.

जाताना चष्मा, कुड्या आणि तुमचा फोन-डोंगल सोबत असू दे. त्यांच्या अ‍ॅम्पवर ऐकून घरी फोनवर तसाच आवाज येईल असं नाही. एम४०एक्स आणि डीटी ७७० हे दोन तुमच्यासाठी आधी बघण्यासारखे. ७७०चा विचार असेल तर ८० ओहमवाला, मखमलीसाठी.

चष्मेवाली

ठीक. पुढच्या शनिवारी दादरहून जाते. तिथून परतल्यावर काड्यांचं काय झालं ते इथेच लिहीन.